डिकीतला दणका

हरिबा सोलापुरात आला तो मामाच्या मागोमाग. सांगोल्याच्या माळावरची धनगरांची वाडी, घरी मेंढरं, थोडी कोरडवाहू पट्टी, आणि ते सगळं बघायला थोरला भाऊ मायाप्पा. धाकट्यावाचून तिथं कुणाचं काही अडत नव्हतं. मामा गिरणीत होता. त्यानं जॉबरच्या, म्हणजे मुकादमाच्या, हातापाया पडून भाच्याला साचेखात्यात, कापड विणायच्या मागांवर, चिकटवलं. मिसरूड फुटायच्या वयात हरिबा साच्यापुढं उभा राहिला, तो कानशिलावरचे केस पिकायला लागेपर्यंत तिथून हलला नाही.

साचेखात्यात तोंडानं बोलून उपयोग नसतो. शेकडो साचे एकदम चालतात, सूत वाहणारे धोटे इकडून तिकडं आपटत राहतात, आणि त्या खडखडाटात समोरच्याचं तोंड नुसतंच हलताना दिसतं. तिथली माणसं ओठांवरून शब्द उचलायला शिकतात. हरिबाही शिकला. पाच साचे पलीकडं उभा असलेला माणूस आपल्याला शिवी देतोय की तंबाखू मागतोय, हे त्याला बरोबर कळायचं. पाळी सुटली की कानात किर्र असा आवाज भरून राहायचा. जेवणं होईस्तोवर तो विरून जायचा. सगळ्यांचं तसंच होतं, म्हणून त्याची कुणी चर्चा करत नसे.

गिरणीबाहेर हरिबाला एकच नाद, रेडिओचा. बाळीवेशीत शिवशरण अण्णांचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. अण्णा अक्कलकोटकडचे, घरी कानडी बोलणारे. भरघोस मिशा, अंगानं आडवे, आणि आवाज असा भरदार की रस्त्यापलीकडच्या माणसाला हाक मारायला उठावं लागत नसे. सुट्टीच्या दिवशी हरिबा त्यांच्या दुकानाच्या पायरीवर बसायचा. आधी नुसता बघायचा, मग तारा सोलून द्यायला लागला, मग अण्णांनी त्याच्या हातात सोल्डरची कांडी दिली. दुष्काळानंतरच्या वर्षी गिरणीनं एक पाळी बंद केली आणि त्यात हरिबाचं नाव गेलं, तेव्हा अण्णांनी दुकानात दुसरं स्टूल मांडलं. म्हणाले, "रडायचं कारण न्हाय. हितं बस."

केराबाईला, म्हणजे हरिबाच्या बायकोला, त्या वेळी केवढं हायसं वाटलं होतं. नवरा आता उकाड्यात नाही, धुरळ्यात नाही, कापसाचे तंतू नाकातोंडात जात नाहीत. पंख्याखाली बसून काम. तिनं सिद्धेश्वराला नारळ फोडला.

नुकसान आधीच होऊन गेलं होतं, ते मात्र दोघांनाही ठाऊक नव्हतं.

पहिल्यांदा चिमण्या गेल्या. हरिबाला वाटलं, आता पेठेत झाडं राहिली नाहीत, चिमण्या कुठून येणार. मग सायकलच्या घंट्या गेल्या, आणि तो रस्त्यात दोनदा धडकता धडकता वाचला. मग बांगड्या. केराबाई भाकरी थापायची, तेव्हा परातीशी तिच्या बांगड्या किणकिणायच्या. एके दिवशी त्याच्या ध्यानात आलं, हात हलतोय, बांगड्या हलताहेत, आणि काही ऐकू येत नाही. त्यानं उठून हातपाय धुतले, जेवला, आणि त्याबद्दल अवाक्षर काढलं नाही.

केराबाईचा आवाज मुळातच बारीक. लग्न होऊन आली तेव्हा मामी थट्टेनं तिला साळुंकी म्हणायची. ती चुलीपुढं पाठमोरी बसून दिवसभरातलं सांगत राहायची आणि हरिबा मागून "व्हय, व्हय" करायचा. एकदा ती असंच काहीतरी बोलली आणि हा म्हणाला, "लई बरं झालं." केराबाईचे हात थांबले. ती वळली आणि त्याच्याकडं बघत राहिली. मग त्याला तोंडाकडं बघून कळलं. मोडनिंबला दिलेल्या त्यांच्या लेकीची, विजयमालेची, सासू वारली होती, तो निरोप ती सांगत होती.

त्या दिवसापासून केराबाई त्याच्या समोर बसून बोलायला लागली. का, ते तिनं सांगितलं नाही आणि त्यानं विचारलं नाही.

दुकानात मात्र त्याचं निभत होतं. अण्णांचा आवाज भरदार, तो त्याला नीट यायचा. गिऱ्हाइकाच्या ओठांवर नजर ठेवायची. रेडिओ चालू झाला का, हे स्पीकरच्या कागदाला बोट लावून बघायचं. मीटरचा काटा हलला की समजायचं. अधूनमधून एखादा रेडिओ परत यायचा, "आवाज घोगरा येतोय" किंवा "खरखर गेली न्हाय" अशी तक्रार घेऊन. हरिबा मान डोलवायचा, रेडिओ पुन्हा उघडायचा, दोन-चार ठिकाणी नवा सोल्डर मारायचा आणि देवावर हवाला ठेवून परत द्यायचा. अण्णा बघत होते की नव्हते, कोण जाणे. त्यांच्या मिशांमुळं त्यांच्या तोंडावरचं काही वाचता येत नसे.

आणीबाणी उठली त्या वर्षी, दसऱ्याच्या आसपास, दुकानापुढं एक कोरी करकरीत अँबॅसडर येऊन थांबली. साईच्या रंगाची. तीतून हिंदुराव उतरले. खडीची कंत्राटं घेणारा माणूस, होटगी रोडला बंगला, बोलणं मोकळंढाकळं. गाडीला कंपनीचाच रेडिओ होता, पुढच्या फळीत बसवलेला, आणि त्याचा वीतभर स्पीकर तिथंच आत.

"अण्णा, ह्यो रेडिओ न्हवं, डास हाय डास," हिंदुराव म्हणाले. "मुंबईत एका पाव्हन्याच्या परदेशी गाडीत बसलो व्हतो. आवाज असा मागनं यायचा, ढोलकी वाजली की हितं छातीत. तसलं करून द्या."

अण्णांनी मान हलवली. "ते आपलं काम न्हाय मालक. कंपनीनं दिलंय तेच बरं. मागनं काय घुसवलं तर गाडीचं वायरिंग बिघडंल."

हरिबा स्टुलावरून उठला. तो सहसा गिऱ्हाइकाच्या बोलण्यात पडत नसे. पण 'छातीत' म्हणताना हिंदुरावांनी छातीवर हात मारला होता, आणि तो हात त्याला आरपार लागला होता.

"मी करतो," तो म्हणाला. "रेडिओला हात लावायचा न्हाय. त्याच्या स्पीकरच्या तारंतनं आवाज काढून घ्यायचा, मागं मशीनला द्यायचा. मशीन मोठं करंल. डिकीत मोठा स्पीकर ठेवायचा."

"जमंल?" हिंदुरावांनी विचारलं.

"जमंल की."

अण्णांनी खांदे उडवले. करतोय तर करू दे.

पुढचे काही दिवस हरिबाला दुसरं काही सुचलं नाही. तमाशाच्या एका फडाचा जुना लाउडस्पीकर मंडपवाल्याकडं पडून होता. त्यातला परातीएवढा स्पीकर त्यानं मिळवला, फाटलेल्या कडेला मलमलीची पट्टी लावून चिकटवली. सुताराकडून जाड फळ्यांची पेटी करून घेतली, डिकीत स्टेपनीशेजारी बरोबर बसेल अशी. रिकाम्या पेटीत आवाज आदळतो, म्हणून आत भरायला काहीतरी मऊ हवं होतं. त्याच आठवड्यात मायाप्पा बाजाराला आला होता. त्याच्याकडून हरिबानं कातरलेली लोकर मागून घेतली.

"रेडिओला लोकर?" मायाप्पा म्हणाला. "त्येला बी थंडी वाजती का?"

हरिबा हसला. बऱ्याच दिवसांनी हसला, असं केराबाईनं नंतर शेजारणीला सांगितलं.

मशीन त्यानं स्वतः बांधलं. पत्र्याचा डबा, त्यात दोन जाड ट्रान्झिस्टर, हातानं गुंडाळलेला ट्रान्सफॉर्मर. बॅटरीपासून जाड तार काढून पायाखालच्या जाजमाखालून मागं नेली, वाटेत फ्यूज घातला. मागच्या सीटच्या वर, काचेखाली जी फळी असते, तिला भोकं पाडून जाळी ठोकली, म्हणजे डिकीतला आवाज वर गाडीत यावा. आणि बारीक आवाज मोठ्या स्पीकरकडं येऊच नये, फक्त जड तेवढा यावा, म्हणून मधे तारेचं एक वेटोळं घातलं. बारीक आवाज पुढच्या छोट्या स्पीकरनं सांभाळावा, असा हिशेब.

दुपारची वेळ होती. हरिबानं रेडिओ लावला. सांगली केंद्रावर कसलासा लोकगीतांचा कार्यक्रम चालला होता. मशीनचं बटण फिरवलं आणि तो मागच्या सीटवर जाऊन बसला.

ढोलकी लागली.

ती कानानं ऐकू आली की पाठीनं, हे त्याला सांगता आलं नसतं. सीटमधून वर आली, बरगड्यांत शिरली, दातांत उतरली. थाप, मग मोकळी जागा, मग पुन्हा थाप. कित्येक वर्षांत गाणं त्याच्यापाशी आलं नव्हतं; आलं तरी भिंतीपलीकडून, चिंध्यांत गुंडाळलेलं यायचं. आता ते मांडीवर येऊन बसलं होतं. हरिबानं डोळे मिटले. ओठ बघायची गरज नव्हती, मीटर बघायची गरज नव्हती.

गाडी दुसऱ्या दिवशी द्यायची होती. संध्याकाळी त्यानं केराबाईला दुकानावर बोलावून घेतलं आणि मागच्या सीटवर बसवलं. ती पदर सावरून, काहीतरी मोडेल अशा बेतानं बसली. गाणं सुरू झालं तशी दचकली, मग हसली.

"लई दनका हाय अवं," ती म्हणाली. त्यानं ते ओठांवरून वाचलं.

"सगळं येतंय न्हवं नीट?" त्यानं विचारलं.

केराबाई काहीतरी म्हणाली. बाहेर अंधारून आलं होतं, तिचं तोंड त्याला नीट दिसलं नाही. त्यानं ती "व्हय" म्हणाली असं धरलं.

हिंदुराव गाडी घेऊन गेले ते खूश होऊन. आठवडाभरात परत आले. बरोबर कुणी नव्हतं. मंडळींना घेऊन वेळापूरला पाहुण्यांकडं जाऊन आले होते, आणि बायको वाटेत रेडिओ बंद करा म्हणून मागं लागली होती.

"हरिबा, दनका झ्याक हाय," ते म्हणाले, "पर ती शिट्टी कसली? गाडी जोरात पळवली की शिट्टी चढती, हळू केली की उतरती. डोकं उठलं आमच्या मंडळींचं."

"शिट्टी?" हरिबा म्हणाला.

"ऐक की."

हिंदुरावांनी गाडी चालू केली, रेडिओ लावला आणि उभ्या जागी ॲक्सिलरेटर दाबला. हरिबा खिडकीतून आत वाकला. इंजिनाची घरघर त्याला लागत होती, डिकीतला घुमारा लागत होता. शिट्टी कुठंच नव्हती. त्यानं हिंदुरावांच्या तोंडाकडं बघितलं. हिंदुराव कपाळाला आठ्या घालून बोट वर चढवत होते, बोट खाली आणत होते.

"आली का?" त्यांनी विचारलं.

"व्हय," हरिबा म्हणाला. "डायनामोची हाय. आताच काढतो."

डायनामोचं तो खोटं बोलला नाही. शिट्टी कसली, कुठून येते, हे त्याला माहीत होतं. डायनामोची वीज मशीनमध्ये शिरली की अशी शिट्टी येते, इंजिनाबरोबर चढते आणि उतरते; तारेचं वेटोळं तिला पुरतं अडवत नाही. त्यानं डायनामोला कंडेन्सर लावला आणि म्हणाला, "गेली न्हवं?" हिंदुरावांनी मान हलवली, न्हाय. त्यानं मशीनची जमिनीची तार दुसरीकडं जोडली. "आता?" न्हाय. बॅटरीकडून येणारी तार रेडिओच्या तारेपासून लांबून फिरवली. "आता कमी झाली असंल." हिंदुरावांच्या चेहऱ्यावर आता वेगळंच काही यायला लागलं होतं.

"कमी?" ते म्हणाले. "अरं, वाढली की. तुला येत न्हाय का?"

अण्णा गल्ल्यावरून उठून बाहेर आले. ते हिंदुरावांना काहीतरी म्हणाले, हिंदुराव समोरच्या हॉटेलात चहा प्यायला गेले. अण्णा पुढच्या सीटवर बसले आणि हरिबाला मागं बसायला लावलं. गाडी चालूच होती.

"मी बटण फिरवतो," अण्णा पुढं तोंड करून, मोठ्यानं म्हणाले. "शिट्टी कमी झाली की सांग."

अण्णांचा खांदा हलला. हरिबानं थोडा वेळ जाऊ दिला.

"झाली," तो म्हणाला.

अण्णांचा खांदा पुन्हा हलला.

"आता पार गेली, अण्णा."

अण्णांनी दोन्ही हात वर केले आणि वळून हरिबाला दाखवले. हात रिकामे होते. त्यांनी कशालाच हात लावला नव्हता, नुसता खांदा हलवला होता.

अण्णांनी गाडी बंद केली. मग म्हणाले, "किती वर्स झाली?"

"गिरणीपासनं," हरिबा म्हणाला.

"बोलायचं व्हतं."

"बोललो असतो तर स्टूल दिलं असतं का अण्णा?"

दार उघडून उतरता उतरता अण्णा कानडीत म्हणाले, "होगली बिडु." जाऊ दे, असा त्याचा अर्थ. हरिबानं ते कैक वेळा ऐकलं होतं. बिघडलेल्या रेडिओत आता काही राम नाही असं दिसलं, की अण्णा तो बाजूला सारताना हेच म्हणायचे.

हिंदुराव तसे वाईट नव्हते. त्यांनी आरडाओरडा केला नाही. उलट अण्णांनी सगळं सांगितल्यावर ते हरिबाजवळ येऊन, तोंड त्याच्या तोंडापुढं आणून, लहान मुलाशी बोलावं तसं एकेक शब्द सुटा करून बोलले. "हरिबा. राग. मानू. नको. पेटी. काढून. घे." हरिबाला सगळ्यात जास्त ते लागलं. तो साचेखात्यातला माणूस, तसं तोंड वेंगाडून बोललं की त्याला उलट कमीच कळायचं.

त्यानं स्वतःच्या हातानं तारा उपसल्या. फळीतली भोकं मात्र बुजवता आली नाहीत, ती जाळीखाली तशीच राहिली. हातगाडीवर पेटी घालून तो घरी आला.

अण्णांनी त्याला काढलं नाही. पण दुरुस्तीचे रेडिओ त्याच्यापुढं येणं थांबलं. ट्रान्सफॉर्मर गुंडाळायचं काम दिलं, तारेचे वेढे घालत बसायचं. गिऱ्हाईक आलं की अण्णा स्वतः उठायचे. कुणी हरिबाशी बोलायला गेलं तर म्हणायचे, "त्येला ऐकू येत न्हाय, माज्याशी बोला." पाठीमागून म्हणायचे, पण एवढा भरदार आवाज, तो हरिबाला ऐकू यायचाच.

केराबाई त्याला मोठ्या दवाखान्यात घेऊन गेली. डॉक्टरांनी कानाशी लोखंडी चिमटे वाजवून बघितले, मोठ्या यंत्राच्या टोप्या कानाला लावल्या. मग कागदावर रेघ काढून दाखवली. रेघ डावीकडं थोडी वर होती आणि मग विहिरीत पडावी तशी खाली गेली होती. बारीक आवाजाच्या शिरा मेल्यात, ते म्हणाले, त्या पुन्हा जगत नाहीत. जड आवाज अजून येतोय, तोही पुढं कमी होत जाईल. कानाच्या मशीनचं केराबाईनं विचारलं. डॉक्टर म्हणाले, घ्या हवं तर, पण जे आहे तेच मोठं होईल. जे नाही ते मशीन कुठून आणणार?

हरिबाला त्या एका वाक्यानं पछाडलं. जे आहे ते मोठं होईल. केराचा आवाज कितीही बारीक असला तरी त्यात कुठंतरी, तळाशी, जडपणा असणारच. माणसाचा आवाज आहे, चिमणीचा नाही. तेवढा मोठा केला तर?

तो कामाला लागला. घरातल्या कोपऱ्यात पेटी मांडली. मोटारीची जुनी बॅटरी गॅरेजमधून भरून आणली. अण्णांच्या अडगळीतून एक माईक मागून घेतला, मशीनच्या तोंडाशी त्याला जागा केली. फक्त जड आवाज जाऊ देणारं तारेचं वेटोळं काढून टाकलं, आता सगळाच आवाज स्पीकरकडं जाऊ दे. अण्णांनी माईक देताना विचारलं नाही, कशाला.

रविवारची दुपार होती. त्यानं केराबाईच्या हातात माईक दिला आणि स्वतः पेटीपुढं मांडी घालून बसला. बटण फिरवलं तशी केराबाईनं एकदम दोन्ही कान झाकले, माईक तिच्या मांडीवर पडला. हरिबाला काहीच लागलं नव्हतं, पण तिचं तोंड बघून कळलं, पेटीनं किंकाळी मारली असणार. त्यानं आवाज कमी केला, तिला भिंतीच्या पार कडेला बसवलं.

"बोल," तो म्हणाला.

"काय बोलू?"

"कायबी. आदी चुलीपुडं बसून बोलायचीस, तसं."

केराबाईनं माईक दोन्ही हातांत धरला. आधी ती लाजली, इकडंतिकडं बघायला लागली. मग माईक तोंडाशी नेला आणि बोलायला लागली.

हरिबानं स्पीकरच्या कागदावर तळवा ठेवला. कागद हलत होता. भप्प, असा धक्का आला. थांबला. पुन्हा दोन धक्के आले. मग काहीतरी लांबलचक, घुमल्यासारखं, पाण्याखालून कुणी बोलावं तसं. तो पुढं वाकला, पेटीला कान टेकवला. तिचा श्वास त्याला येत होता. शब्द सुरू होताना ओठ मिटतात, त्याचा धक्का येत होता. त्या दोन धक्क्यांच्या मधे जे होतं, ज्याला शब्द म्हणायचं, तिथं नुसती पोकळी होती.

त्यानं आवाज वाढवला. धक्के मोठे झाले. पोकळीही तेवढीच मोठी झाली.

मग त्यानं तिच्याकडं बघितलं. ती अजून बोलत होती. थांबत नव्हती. माईक तोंडाशी घट्ट धरला होता, ओठ त्याआड गेले होते, आणि डोळ्यांतून पाणी गालावर येत होतं. ते ती पुसतही नव्हती. इतकं सलग ती कित्येक वर्षांत बोलली नव्हती. नवरा-बायकोत जे समोर बसून बोलता येत नाही, पाठमोरं बसूनच बोलता येतं, तसलं काही असावं.

"माईक खाली घे," हरिबा म्हणाला. "तोंड बघू दे."

केराबाई थांबली. माईक खाली घेतला, पदरानं तोंड पुसलं.

"काय म्हनालीस?"

"कुटं काय," ती म्हणाली. हे मात्र त्याला ओठांवरून स्वच्छ कळलं.

दाराकडं उजेड अडला, म्हणून त्यानं वळून बघितलं. शेजारची कस्तुराबाई उंबऱ्यात उभी होती. एवढ्या मोठ्या स्पीकरमधून आवाज सगळ्या चाळीत गेला होता. कस्तुराबाईच्या डोळ्यांना पदर होता. हरिबानं बघितलं तशी ती वळून निघून गेली.

दुसऱ्या दिवशी नळावर त्यानं तिला गाठलं. "कस्तुराक्का, काल आमची काय म्हनत व्हती?"

कस्तुराबाईनं बादली उचलली. त्याच्याकडं न बघता ती काहीतरी म्हणाली, मग त्याच्या ध्यानात येईना म्हणून तोंड वर करून पुन्हा म्हणाली, "तिलाच इचारा भाऊ. मला न्हाय सांगवत."

त्यानं केराबाईला विचारलं. एकदा नाही, बऱ्याचदा विचारलं. ती प्रत्येक वेळी म्हणायची, असंच आपलं, काय न्हाय. एकदा त्यानं रागानं ताट सरकवलं. तरीही तिनं सांगितलं नाही. एकदा तोंडून निघून गेलेलं तिला पुन्हा काढता येत नसावं. चाळीतल्या बाया पुढं कितीतरी दिवस तिच्याशी जरा जास्तच मायेनं वागत होत्या. त्यांना माहीत होतं. माहीत नव्हतं ते एका हरिबाला, ज्याच्यासाठी ते बोललं गेलं होतं.

पेटी त्यानं पुन्हा चालू केली नाही. सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या जत्रेआधी मंडपवाला स्पीकर मागायला आला, तेव्हा आतली लोकर काढून घेऊन त्यानं स्पीकर देऊन टाकला. रिकामी पेटी केराबाईनं ज्वारी ठेवायला घेतली.

वर्ष-दीड वर्षात डॉक्टर म्हणाले होते तसंच झालं. अण्णांचा आवाजही आधी लांब गेला, मग विरला. हरिबा तारेचे वेढे घालत राहिला. एक चुकला की पुन्हा पहिल्यापासून. दुकानात रेडिओ लागलेले असायचे, हे त्याला येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या डोलणाऱ्या मानांवरून कळायचं. मायाप्पा बाजाराला आला की येऊन समोर बसायचा, दोघं तंबाखू मळायचे, आणि तो उठून जायचा. विजयमाला दिवाळीला आली तर आईशीच बोलायची. बापाच्या पाया पडायची, ताटात वाढायची, आणि मग दोघी आतल्या बाजूला बसून बोलत राहायच्या.

एका संध्याकाळी हरिबा घरी आला, हातपाय धुतले आणि जेवायला बसला. केराबाईनं ताट ठेवलं, भाकरी वाढली, पाण्याचा तांब्या पुढं सरकवला. तो तिच्या तोंडाकडं बघत होता, सवयीनं, काही म्हणते का म्हणून. तिचे ओठ मिटलेले होते. त्यानं आठवून बघितलं. काल? परवा? कालवण हवं का, ते ती हातानं विचारायची. कुणी आलं तर दाराकडं बोट दाखवायची. ती कधीपासून बोलायची थांबली, ते त्याला आठवेना.

"केरा," तो म्हणाला, "बोल की काय तरी."

तिनं त्याच्याकडं बघितलं. जरा वेळ ती काहीतरी शोधत असल्यासारखी दिसली. मग मान हलवली, आणि आणखी एक भाकरी त्याच्या ताटात घातली.